बोनाफाईडचा एक अर्ज: पॉवरच्या बटणापासून छापील पानापर्यंत

कॉम्प्युटर शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा बहुतेक ठिकाणी इनपुट, आउटपुट, सीपीयू यांच्या व्याख्या उतरवून घेण्यात जातो आणि दुसरा आठवडा वर्डमध्ये स्वतःचं नाव मोठं करून त्याला रंग देण्यात. दोन्हींतून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा खरोखर लागणारा एक कागद घ्यावा आणि मशीन चालू करण्यापासून प्रिंट हातात येईपर्यंत तो स्वतः करावा. इथे तो कागद म्हणजे बोनाफाईड प्रमाणपत्रासाठी प्राचार्यांना द्यायचा अर्ज. शिष्यवृत्ती, एसटीचा पास, वसतिगृह अशा कितीतरी कामांना बोनाफाईड मागतात, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

पुढचं सगळं विंडोज १० किंवा ११ आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून लिहिलं आहे. वर्ड नसेल तर लिबरऑफिस रायटर मोफत मिळतो, जुन्या मशीनवरही बरा चालतो. मेनूंची नावं थोडी बदलतील, पद्धत तीच.

लाईट, धूळ आणि अर्थिंग

मराठवाड्यात कॉम्प्युटरला सर्वांत जास्त त्रास व्हायरसपेक्षा लाईटचा आणि धुळीचा होतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस चांगल्या बॅटरीवर एक मशीन साधारण दहा-पंधरा मिनिटं चालवतो. ही मिनिटं काम पुढे रेटायला नसून फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला असतात. लाईट गेल्याबरोबर मशीनही बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी संपलेली आहे, बदला. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका. आतला रोलर तापवताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवण्याची सवय फार ठिकाणी दिसते. झिणझिण्यांचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं. असं मशीन वापरू नका, आधी वायरमन बोलवा.

एप्रिल-मे महिन्यांत मशीन संथ होतं किंवा मधूनच आपोआप बंद पडतं, तेव्हा आधी पंख्यावरची धूळ बघा. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि शेवटी बंद होतो. तीन-चार महिन्यांतून एकदा प्लग काढून, कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते जोरात फिरून त्याची बेअरिंग खराब होते.

चालू करण्याचा क्रम असा: भिंतीवरचं बटण, यूपीएस, मॉनिटर, मग कॅबिनेटचं बटण. लॅबमध्ये "स्क्रीन येत नाही" ही तक्रार आली की पुष्कळदा मॉनिटरचं बटण बंद असतं किंवा मागची केबल सैल असते. तेवढं बघून मगच सरांना हाक मारा.

बंद करताना स्टार्ट, पॉवर, शट डाउन. बटण दाबून किंवा प्लग उपटून बंद करायचं नाही, कारण विंडोज काही लिखाण डिस्कवर उतरवण्याआधी मेमरीत धरून ठेवतं आणि ते अर्धवट राहिलं की फाइल बिघडते. मशीन अडकलं असेल तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, अडकलेला प्रोग्रॅम निवडा आणि एंड टास्क करा. तेही जमलं नाही तरच कॅबिनेटचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा.

टाइप करण्याआधी फोल्डर

विंडोज की आणि ई एकत्र दाबा, फाइल एक्सप्लोरर उघडेल. लॅबमधलं मशीन असेल तर डेस्कटॉपवर काही ठेवू नका. विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डेस्कटॉप त्याच ड्राइव्हमध्ये असतो. डी ड्राइव्हमध्ये जा, कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबा, नवा फोल्डर तयार होईल. त्याला स्वतःचं नाव आणि वर्ग द्या.

फाइलच्या नावाबद्दल आत्ताच एक शिस्त लावून घ्या. "न्यू", "न्यू १", "फायनल", "फायनल नवीन" अशी नावं दिली की महिन्याभरात कोणती खरी ते कळत नाही. कागदाचं नाव आणि पुढे तारीख, तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी: बोनाफाईड-अर्ज-२०२५-०६-१६. असं केल्याने एकाच कामाच्या फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. तारखेत तिरपी रेघ चालत नाही; तिरप्या रेघा, विसर्गासारखं दिसणारं दुहेरी टिंब, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनकंस आणि उभी रेघ ही चिन्हं विंडोज फाइलच्या नावात घेत नाही. मराठीत नाव दिलेलं विंडोजला चालतं, पण सरकारी पोर्टलवर अपलोड करायची फाइल असेल तर तिचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मोकळी जागा न सोडता ठेवा. काही पोर्टलं मराठी नावाची फाइल नाकारतात आणि कारण सांगत नाहीत.

एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्सटेन्शन्सवर खूण करून ठेवा. मग प्रत्येक नावामागचं शेपूट दिसतं: वर्डची फाइल, पीडीएफ, फोटो, की प्रोग्रॅम. फोटो म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी प्रोग्रॅमचं शेपूट दिसलं तर ती उघडायची नाही.

मराठी टायपिंग: सुरुवातच युनिकोडमध्ये

या लेखातला एकच भाग पाळणार असाल तर हा पाळा.

डीटीपीच्या दुकानांत अजूनही कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. स्क्रीनवर आणि छापील कागदावर त्यात काही खोट दिसत नाही. खोट आत आहे. कृतिदेवमध्ये "मराठी" टाइप केलं की मशीन प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठवतं. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला किंवा ऑनलाइन फॉर्मच्या रकान्यात चिकटवला की तीच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात म हा म म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो मोबाइलवर, ईमेलमध्ये, पोर्टलवर, कुठेही म राहतो आणि शोधल्यावर सापडतो.

विंडोजमध्ये मराठी आधीपासून आहे, बाहेरून काही विकत घ्यायला नको. सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेजमध्ये जा, विंडोज ११ असेल तर लँग्वेज अँड रीजन, १० असेल तर लँग्वेज. ॲड अ लँग्वेज दाबून मराठी निवडा, इन्स्टॉल करा. "सेट ॲज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज" या ओळीवर मात्र खूण करू नका, नाहीतर सगळे मेनू मराठी होतात आणि शिकवणाऱ्याचे शब्द आणि तुमची स्क्रीन जुळत नाहीत. झाल्यावर विंडोज की धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड इंग्रजी-मराठी असा बदलतो. उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, कोणती भाषा चालू आहे ते दिसतं.

आता कीबोर्ड कोणता? दोन वाटा आहेत. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहायचं आणि मराठी शब्द मिळवायचा. हा विंडोज १० मध्ये २०१९ पासून आहे. लवकर जमतो, पण न-ण, ल-ळ, श-ष यांत अडखळायला होतं आणि वेग एका टप्प्यावर थांबतो. दुसरी वाट इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेला कीबोर्ड. पहिले पंधरा-वीस दिवस कंटाळवाणे जातात, नंतर बोटं स्वतः चालतात. विद्यार्थ्याने इनस्क्रिप्टच शिकावा असं आमचं स्पष्ट मत आहे. एकच अपवाद: शासकीय संगणक टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, जी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि ज्यात मराठीला मिनिटाला ३० आणि ४० शब्द असे दोन टप्पे आहेत, तर संस्थेत आधी विचारा की परीक्षेत कोणता कीबोर्ड आहे. दोन कीबोर्ड एकाच वेळी शिकू नका.

इनस्क्रिप्टची रचना सोपी आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून ख. आय वर ग, शिफ्टसह घ. पी वर ज आणि झ, एल वर त आणि थ, ओ वर द आणि ध, एच वर प आणि फ, वाय वर ब आणि भ. पाहिलंत तर जोड्या वर्णमालेतल्याच आहेत. त्याशिवाय जे वर र, एन वर ल आणि शिफ्टसह ळ, बी वर व, एम वर स आणि शिफ्टसह श, यू वर ह, व्ही वर न, सी वर म आणि शिफ्टसह ण. डावीकडे ई वर काना, एफ वर ऱ्हस्व वेलांटी, आर वर दीर्घ वेलांटी, जी आणि टी वर उकार, एस वर मात्रा, ए वर ओकार, एक्स वर अनुस्वार. डी वर हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण; शिफ्टसह तिथेच अ.

सरावाला आपल्या जिल्ह्यांची नावं घ्या. लातूर: एन, ई, एल, टी, जे. जालना: पी, ई, एन, व्ही, ई. नांदेडला व्ही, ई, एक्स, ओ, एस आणि शेवटी ड साठी पी च्या शेजारचा चौकोनी कंस. हिंगोली लिहिताना पहिली गोम कळते: यू, मग एफ, मग एक्स. वेलांटी डोळ्यांना ह च्या आधी दिसते, पण टाइप ह नंतर होते, कारण युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं. वेलांटी आधी दाबली तर तिच्याबरोबर टिंबांचं एक वर्तुळ उमटतं. ते दिसलं की समजायचं, मात्रेला व्यंजन मिळालेलं नाही.

जोडाक्षरांत र चं तेवढं नीट समजून घ्या, बाकी आपोआप येतं. "प्राचार्य" मध्ये दोन्ही प्रकार आहेत. प्र साठी प, हलन्त, र. र्य साठी र, हलन्त, य. य ची की म्हणजे उजव्या शिफ्टच्या आधीची तिरपी रेघ. पण "शेतकऱ्यांना", "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांत रफार नसतो. तिथे साधा र न घेता शिफ्ट आणि जे दाबून नुक्त्याचा र घ्यायचा, मग हलन्त, मग य. हे न कळल्यामुळे "शेतकर्यांना" असं लिहिलेले फलक गावोगाव दिसतात.

चुकलेलं खोडताना बॅकस्पेस आणि डिलीट यांतला फरक लक्षात ठेवा. अक्षराच्या पुढे उभं राहून बॅकस्पेस दाबलं तर फक्त शेवटची मात्रा जाते. अक्षराच्या आधी उभं राहून डिलीट दाबलं तर काना-मात्रेसह अख्खं अक्षर जातं. एक वेलांटी बदलायला पूर्ण शब्द खोडायची गरज नाही.

एफ आणि जे या कळांवर बोटाला लागेल असा उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवा आणि कीबोर्डकडे न बघता रोज वीस-पंचवीस मिनिटं टाइप करा. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे बरं.

आधी पान आणि पहिला सेव्ह

वर्ड उघडून ब्लँक डॉक्युमेंट घ्या. लिहायच्या आधी लेआउट टॅबमध्ये साइझ बघा. विंडोजमध्ये देश अमेरिका राहिला असेल तर पान लेटर आकाराचं येतं, २१.५९ गुणिले २७.९४ सेंटीमीटर. आपल्याकडे दुकानात मिळणारा कागद ए-फोर असतो, २१ गुणिले २९.७. लेटरवर मांडलेला अर्ज ए-फोरवर छापायला गेलं की काही प्रिंटर लाल दिवा लावून कागद मागत बसतात आणि ट्रे तर भरलेला असतो. साइझ ए-फोर करा, मार्जिन चारही बाजूंनी २.५४ सेंटीमीटर राहू द्या.

मग एक अक्षरही न लिहिता एफ-१२ दाबा, ब्राउझ करून डी ड्राइव्हमधला आपला फोल्डर गाठा, नाव द्या, सेव्ह करा. पुढे दर परिच्छेदाला कंट्रोल आणि एस. वर्डमधलं ऑटोसेव्हचं बटण फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, असेल तेव्हाच काम करतं. डी ड्राइव्हवरच्या फाइलीला त्याचा उपयोग नाही. तिथे ऑटोरिकव्हर असतं आणि ते मुळात दर दहा मिनिटांनी चालतं. लाईट जाण्याच्या दिवसांत दहा मिनिटं फार झाली. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ते दोन मिनिटांवर आणा. लाईट आल्यावर वर्ड उघडलं की डाव्या बाजूला वाचवलेली प्रत दाखवतं. ती उघडून लगेच सेव्ह करा, न बघता बंद करू नका.

अर्ज टाइप करा, सजावट नंतर

कीबोर्ड मराठीवर घ्या आणि सगळा मजकूर डाव्या कडेने, साधा, सलग टाइप करा. दिनांक. प्रति, माननीय प्राचार्य, महाविद्यालयाचं नाव, गाव, जिल्हा. विषय: बोनाफाईड प्रमाणपत्र मिळण्याबाबत. महोदय. मग मजकूर:

"मी आपल्या महाविद्यालयात बी. ए. प्रथम वर्षात शिकत असून माझा हजेरी क्रमांक ४७ आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी मला बोनाफाईड प्रमाणपत्राची आवश्यकता आहे. तरी ते मिळावे, ही विनंती."

शेवटी आपला विश्वासू किंवा आपली विश्वासू, सही, नाव, मोबाइल क्रमांक.

ओळ भरली की एंटर मारायचा नाही. वर्ड स्वतः पुढच्या ओळीवर जातं. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. टाइपरायटरवर शिकलेल्यांकडून ही सवय पुढच्या पिढीत आली आहे आणि तिच्यामुळे नंतर एक शब्द जरी वाढवला तरी सगळ्या ओळी अर्ध्यात तुटतात.

आता मांडणी. नवशिक्याच्या अर्जात दिनांक उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार चाळीस वेळा दाबलेला असतो. त्या मशीनवर सरळ दिसतं. दुसरीकडे फॉन्ट बदलला की प्रत्येक स्पेसची रुंदी बदलते आणि दिनांक अर्धा खालच्या ओळीत पडतो. म्हणून नियम: जागा स्पेसबारने तयार करायची नाही, वर्डला सांगायची. दिनांकाच्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल आणि आर दाबा, ओळ उजवीकडे जाते. विषयाच्या ओळीवर कंट्रोल आणि ई, ती मधोमध येते. ओळ निवडून कंट्रोल आणि बी, ठळक होते. मुख्य परिच्छेदाला कंट्रोल आणि जे, म्हणजे दोन्ही कडा सरळ (जस्टिफाय). डावीकडे परत आणायला कंट्रोल आणि एल.

शेवटी एकाच ओळीत डावीकडे "ठिकाण" आणि उजवीकडे "सही" हवं असेल तर टॅब स्टॉप लावा, म्हणजे टॅब दाबल्यावर कर्सर कुठे थांबायचा ती जागा ठरवा. होम टॅबमध्ये पॅरेग्राफच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, खाली टॅब्ज. आकडा १५.९ सेंटीमीटर, अलाइनमेंट राइट, सेट, ओके. आकडा कुठून आला? २१ सेंटीमीटर रुंदीतून दोन्ही मार्जिन वजा केली की १५.९२ उरतात. मोजपट्टी इंचात दिसत असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्लेमध्ये सेंटीमीटर निवडा. आता "ठिकाण" लिहा, टॅब एकदाच दाबा, "सही" लिहा. उजवी कड कुठल्याही मशीनवर हलणार नाही.

पत्त्याच्या ओळींत फार अंतर पडतं, कारण वर्ड प्रत्येक एंटरनंतर ८ पॉइंट जागा सोडतं. त्या ओळी निवडा, पॅरेग्राफच्या खिडकीत स्पेसिंग आफ्टर शून्य करा. एंटरऐवजी शिफ्ट आणि एंटर दाबलं तरी अंतर जातं, पण त्या ओळी जस्टिफाय केलेल्या असतील तर "मा.      प्राचार्य" असे शब्द कडेपर्यंत ताणले जातात. पत्ता डावीकडेच ठेवा.

लाइन स्पेसिंगमध्ये एक्झॅक्टली हा पर्याय मराठीला वापरू नका. १४ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटची ओळ दिली की वरचा रफार, मात्रा किंवा अनुस्वार कापला जातो. इंग्रजीत हे खपतं, आपल्या लिपीला वर-खाली जागा लागते. मल्टिपल निवडून १.० किंवा १.१५ द्या.

फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल, आकार १२ ते १४. कॅलिब्री निवडलं तरी मराठी अक्षरं बदलत नाहीत, कारण कॅलिब्रीमध्ये देवनागरी नाहीच. वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट घेतं. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा. तिथे लॅटिन टेक्स्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन वेगळे रकाने असतात. आपली देवनागरी दुसऱ्या रकान्यात मोडते, तिचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरवा. एकाच ओळीतली इंग्रजी मोठी आणि मराठी बारीक दिसते तेव्हाही दोष या दोन रकान्यांतल्या वेगळ्या आकारांचाच असतो.

मांडणी कुठे बिघडली ते कळत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबा. प्रत्येक स्पेस टिंब म्हणून, प्रत्येक टॅब बाण म्हणून आणि प्रत्येक एंटर उलट्या पी सारख्या खुणेने दिसेल. दुसऱ्याने केलेली फाइल दुरुस्त करायला घेतली की आम्ही सर्वांत आधी हेच बटण दाबतो. ओळीने टिंबंच टिंबं दिसली तर कंट्रोल आणि एच उघडा, वर दोन स्पेस, खाली एक स्पेस, रिप्लेस ऑल. शून्य बदल म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा.

मराठी शब्दांखालच्या लाल नागमोडी रेघा बघून घाबरू नका. मजकूर निवडा, रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, मराठी. केलेलं काही चुकलं तर कंट्रोल आणि झेड. एकदा नाही, हवं तितक्या वेळा मागे जाता येतं.

तक्ता, थोडक्यात

सरावासाठी मराठवाड्याच्या जिल्ह्यांचा तक्ता करा. इन्सर्ट, टेबल, दोन रकाने आणि नऊ ओळी: एक मथळ्याची, आठ जिल्ह्यांच्या. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा इथे पाचच जिल्हे होते. जालना १ मे १९८१ ला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला आणि हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा झाला. पहिल्या रकान्यात आठही नावं, दुसऱ्यात फक्त या तिघांची वर्षं. पुढच्या घरात जायला टॅब. शेवटच्या घरात टॅब दाबला की नवी ओळ आपोआप येते. घराच्या आतच टॅबची जागा हवी असेल तर कंट्रोल आणि टॅब. तक्ता दोन पानांवर गेला तर पहिली ओळ निवडून टेबलच्या लेआउटमध्ये "रिपीट हेडर रोज" (Repeat Header Rows) हे बटण दाबा, मथळा दुसऱ्या पानावरही येईल. एवढं पुरे, रंगीत डिझाइनच्या मागे लागू नका. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये गडद पट्ट्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत.

पीडीएफ, पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

घरी प्रिंटर असेल तर कंट्रोल आणि पी, उजवीकडचा नमुना नीट बघा, प्रती लिहा, प्रिंट. काही निघालं नाही तर पुन्हा पुन्हा प्रिंट दाबू नका. प्रत्येक दाबणं रांगेत साचतं आणि नंतर एकदम वीस पानं येतात. आधी यादीत योग्य प्रिंटर निवडला आहे का ते बघा.

दुकानात न्यायचं असेल तर वर्डची फाइल नेऊ नका. एफ-१२ दाबून सेव्ह ॲज टाइपमध्ये पीडीएफ निवडा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो, त्यामुळे दुकानातल्या जुन्या मशीनवर मांडणी हलत नाही. वर्डची मूळ फाइलही ठेवा, पुढच्या वर्षी तारीख आणि वर्ग बदलला की झालं. व्हॉट्सॲपने पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर छापताना अक्षरं फुटतात.

पेनड्राइव्हमध्ये दुकानातून येताना एक नेहमीचा व्हायरस येतो: फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात आणि चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. त्यावर डबल क्लिक करू नका, त्यानेच तो तुमच्या मशीनमध्ये शिरतो. फाइली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. विंडोज सिक्युरिटीने पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा. एवढ्याने दिसल्या नाहीत तर त्या सिस्टिम फाइल म्हणून लपवलेल्या आहेत. लॅबमधल्या सरांकडून काढून घ्या, घाईने फॉरमॅट करू नका. आणि पेनड्राइव्ह काढताना घड्याळाशेजारच्या चिन्हातून इजेक्ट करूनच काढा.

दुकानाच्या किंवा नेट कॅफेच्या मशीनवर फाइल उतरवली असेल तर निघताना डाउनलोड्समधली प्रत निवडून शिफ्ट आणि डिलीट दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर मोबाइलमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन लॉग आउट करा. आधार आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या किती तरी प्रती अशा मशीनवर पडून असतात.

प्रिंट दोन काढा. दोन्हींवर पेनाने सही करा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा.